पोहऱ्याला शिव्या

“ताई, लिनक्सला बॅटरी कळत नाही. विंडोज टाकून देतो, आठशे रुपये.”

बुधवार पेठेतल्या एका दुकानात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा निमूटपणे घरी आले. त्यानंतर ते इतक्या तोंडून ऐकलं आहे की आता गप्प बसवत नाही. ओळखीच्या एका कॉलेजातले प्रयोगशाळा सहायक हेच सांगतात. सोसायटीतले निवृत्त बँक अधिकारी हेच सांगतात. आणि माझा भाचा, जो स्वतः प्रोग्रॅमिंगवर पोट भरतो, तो समजूत काढल्याच्या सुरात म्हणतो, “आत्या, फुकटचं आहे ते. एवढं चालायचंच.” धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं त्याला म्हणायचं असतं. दुकानदाराचा आरोप मला परवडतो, भाच्याची ही दया परवडत नाही. कारण दया दाखवताना तो आरोप खरा धरूनच चालतो.

आरोपाला पुरावा असल्यासारखं दिसतं, ही खरी पंचाईत. लॅपटॉप तोच, बॅटरी तीच. गेल्या महिन्यात विंडोज होतं तेव्हा सगळं ठीक होतं. लिनक्स टाकलं आणि आता कोपऱ्यात तीस टक्के दिसत असताना मशीन फटकन बंद पडतं. मधल्या काळात दुसरं काय बदललं? काहीच नाही. मग गुन्हेगार कोण ते शेंबडं पोरही सांगेल.

पोराला सांगू द्या, मोठ्यांनी जरा कॅलेंडर पाहावं. लिनक्स घरात येतं केव्हा? दुकानातून नवाकोरा लॅपटॉप आणून त्याच दिवशी लिनक्स टाकणारी माणसं थोडी. बहुतेकांकडे ते लॅपटॉपच्या उतारवयात येतं. विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीचे धडधाकट लॅपटॉप एका फटक्यात उंबऱ्याबाहेर गेले. त्यांतले जे भंगारात गेले नाहीत त्यांच्यावर लोकांनी लिनक्स टाकलं. तोवर त्यांच्या बॅटऱ्यांनी आठ-नऊ वर्षं काढली होती. लिथियम-आयन सेल वापराने झिजतो आणि नुसता पडून राहिला तरी वयाने झिजतो, उन्हाळ्यात तर अधिकच. नवी सून घरात आली आणि त्याच आठवड्यात सासऱ्यांचे गुडघे धरले, म्हणून सुनेच्या पायगुणाला बोल लावण्याचा आपला जुना धंदा आहे. इथे सुनेचं नाव लिनक्स, एवढाच फरक.

“माझा लॅपटॉप दोनच वर्षांचा आहे, त्याचं काय?” असं कोणी म्हणेल. रास्त प्रश्न. त्यासाठी कोपऱ्यातला तो आकडा मुळात जन्माला कुठे येतो ते पाहावं लागेल.

बॅटरीच्या खोक्यात सेलांच्या जोडीला एक चिमुकली चिप असते. सेलांतून किती प्रवाह बाहेर गेला आणि किती आत आला याचा जमाखर्च ती ठेवते. व्होल्टेज आणि तापमान पाहते. या सगळ्यावरून ‘आता इतकं उरलं असावं’ असा अंदाज बांधते. मदरबोर्डवरचा एम्बेडेड कंट्रोलर तो अंदाज तिच्याकडून घेतो. कारखान्यात बायोसमध्ये भरून दिलेला एसीपीआयचा मजकूर त्याला ठरावीक साच्यात बसवतो. तिथे लिनक्सचं कर्नल जाऊन विचारतं, मिळेल ते उत्तर घेतं आणि ‘पॉवर सप्लाय’ नावाच्या फोल्डरात साध्या फाइलींत मांडून ठेवतं. ‘यूपॉवर’ नावाचा प्रोग्रॅम तिथून तो उचलतो आणि पडद्यावरचं हिरवं-तांबडं चित्र त्यावरून रंगवलं जातं. या रांगेत लिनक्स कुठेही वीज मोजत नाही. ते करतं तो भागाकार, उरलेली ऊर्जा भागिले पूर्ण भरल्यावरची ऊर्जा गुणिले शंभर. चौथीतलं गणित.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपल्याला पाठ असतं. तरी आडाकडे न पाहता पोहऱ्याला शिव्या द्यायची हौस काही जात नाही.

विंडोजचा पोहराही त्याच आडात सोडलेला असतो. एसीपीआय ही चौकशीची पद्धत डिसेंबर १९९६ मध्ये जाहीर झाली ती इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तिघांच्या नावाने. म्हणजे लिनक्स बॅटरीशी ज्या भाषेत बोलतं ती भाषा ठरवणाऱ्यांत खुद्द मायक्रोसॉफ्ट होतं. विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी’च्या आज्ञेपुढे ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहिलं की एक अहवाल निघतो. त्यात डिझाइन क्षमता आणि पूर्ण चार्जची क्षमता असे दोन आकडे असतात. लिनक्समधल्या ‘एनर्जी फुल डिझाइन’ आणि ‘एनर्जी फुल’ या फाइलींत हेच दोन आकडे दिसतात, फक्त तिथे ते मायक्रोवॉट-तासांत असतात, म्हणून शून्यं जास्त. (काही मशीनांत ऊर्जेऐवजी चार्जचा हिशेब असतो, मायक्रोअँपिअर-तासांत. त्याला भिऊ नये.) माझ्या आठशे रुपयांच्या दुकानदाराला हे करून दाखवायला पाच मिनिटं लागली असती. त्याने ती कधी काढली नाहीत, कारण विंडोज टाकण्याचे पैसे मिळतात, फाइल उघडून दाखवण्याचे मिळत नाहीत.

आता टक्क्याकडे वळू. टक्का म्हटलं की आपल्याला ठाम, मोजलेलं काहीतरी वाटतं. उजनी धरण आठवा. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत बातमी येते की उजनी उणे अमुक टक्क्यांवर गेलं. पाणी उणे कसं असेल? धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा धरलेलं आहे आणि टक्का मोजतात तो वरच्या उपयुक्त साठ्याचा. शून्याची रेघ माणसांनी मध्येच कुठेतरी मारली आहे. सोलापूरचा शेतकरी हे जाणतो. उणे चाळीस ऐकून तो काळजीत पडतो, पण मोजपट्टी बिघडली असं म्हणत नाही. शिवाय धरणात गाळ साठतो. बांधतानाची क्षमता कागदावर तीच राहते, आत मावणारं पाणी कमी होत जातं, आणि गाळाचं नवं सर्वेक्षण होईपर्यंत टक्का जुन्या क्षमतेवरच काढला जातो.

बॅटरीचंही हेच. शून्य म्हणजे सेल पूर्ण रिकामा नव्हे. सेल त्याहून खाली नेला तर कायमचा बिघडतो, म्हणून तिथे रेघ मारलेली असते. शंभर म्हणजे चिपच्या समजुतीप्रमाणे आज मावेल तेवढं. ही समजूत केव्हाची, यावर सगळं अवलंबून. चिपला गाळाचं सर्वेक्षण करायची संधी मिळते ती बॅटरी पूर्ण भरून निवांत राहते तेव्हा आणि जवळजवळ रिकामी होते तेव्हा. जो लॅपटॉप वर्षभर टेबलावर चार्जरला लावलेला असतो, कधीतरी ऐंशीवर येतो आणि पुन्हा शंभर होतो, त्याच्या चिपला हे दोन्ही काठ दिसतच नाहीत. मग जमाखर्चातल्या बारीकसारीक चुका साचत जातात. दुकानाची वही रोज लिहायची आणि गल्ला कधीच मोजायचा नाही, असा तो कारभार होतो.

मधल्या टप्प्यात व्होल्टेजवरून ओळखावं म्हटलं, तर लिथियम सेलचा उतार तिथे फार सपाट असतो. बराच चार्ज निघून जातो आणि व्होल्टेज थोडंसंच हलतं. शेवटी मात्र ते कड्यावरून कोसळावं तसं कोसळतं.

हे आपल्याला मोजायला अवघड आहे, याची कबुली ज्यांनी हे बांधलं त्यांनी पहिल्यापासून दिली आहे. ड्युरासेल आणि इंटेल यांनी १९९५ मध्ये ‘स्मार्ट बॅटरी’चा मसुदा आणला, त्यात चिपने सांगायच्या गोष्टींच्या यादीत एक रकाना आहे, ‘मॅक्स एरर’. माझ्या टक्क्यात किती टक्क्यांची चूक असू शकते ते मीच सांगते, असा त्याचा अर्थ. एसीपीआयच्या पुढच्या आवृत्तीतही मोजमापाच्या अचूकतेसाठी जागा ठेवलेली आहे. लिनक्सच्या कर्नलने २०२० मध्ये या चुकीच्या मर्यादेसाठी एक वेगळी फाइल ठेवली, पण बहुतेक लॅपटॉपांत ती दिसत नाही, कारण खालून कोणी ती माहितीच वर पाठवत नाही. कोपऱ्यात कोणी ‘३७, पाचेक इकडेतिकडे’ असं लिहीत नाही. लिनक्सही नाही, विंडोजही नाही. हवामान खात्याचा अंदाज चुकला की आपण हसतो. बॅटरीचा अंदाज चुकला की ऑपरेटिंग सिस्टिम बदलतो.

माझ्या लॅपटॉपचंच घ्या. डिझाइन क्षमता ४८ वॉट-तास. ‘एनर्जी फुल’ म्हणत होतं ४५.१. म्हणजे बॅटरी ९४ टक्के धडधाकट. आणि ही धडधाकट बॅटरी ३१ टक्क्यांवर लॅपटॉपला दगा देत होती, कसलीही सूचना नाही, लिहिलेलं गेलं, ओरडायला समोर कोणी नाही. दुकानात जाऊन आले ती याच दिवसांत. पण घरी आल्यावर वाटलं, आठशे रुपये देण्याआधी निदान पाहू तरी. यूपॉवर आपल्या नोंदी एका फोल्डरात साठवून ठेवतं, तारीख-वेळेसकट. त्या नोंदी कागदावर मांडल्या तर शंभरपासून ३१ पर्यंत उतार अगदी सरळ होता, पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशी टर्मिनलमध्ये दर दहा सेकंदांनी व्होल्टेज लिहून घेणारी एक ओळ चालू ठेवली. बॅटरीत तीन सेल एकापुढे एक जोडलेले, भरल्यावर साधारण १२.६ व्होल्ट. पस्तीस टक्के दिसत होते तेव्हाच व्होल्टेज घसरायला लागलं होतं, आणि ३१ वर ते नऊच्या घरात आलं. एका सेलला तीन व्होल्ट. तिथे सेल वाचवणारं सर्किट दार लावून घेतं, ते कोणाला विचारत नाही. टक्का सांगत होता की अजून १४ वॉट-तास आहेत. व्होल्टेज सांगत होतं की घरात दाणा नाही.

दोन्ही आकडे त्याच फोल्डरात, शेजारशेजारच्या फाइलींत होते. त्यातला खोटा कोणता ते ठरवायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. शंभर ते ३१ या प्रवासात चिपनेच ३१.१ वॉट-तास खर्ची टाकले होते. म्हणजे बॅटरीत मावत होतं तेवढंच. ४५.१ ही जुनी आठवण होती.

मग चिपला दोन्ही काठ दाखवायचं ठरवलं. बॅटरी पूर्ण भरून दोन तास तशीच ठेवली, चार्जर काढला, कामं उरकून लॅपटॉप बायोसच्या पडद्यावर आणून सोडून दिला. तिथे सोडला म्हणजे बंद पडताना डिस्कवरच्या कुठल्या फाइलीचं नुकसान होत नाही. विझल्यावर थोडे तास थंड होऊ दिला आणि मग एका दमात भरला. ‘एनर्जी फुल’ आता ३१.५ दाखवायला लागलं. टक्का शंभरपासून चारपर्यंत शहाण्यासारखा उतरला.

बॅटरी यामुळे सुधारली का? एका थेंबानेही नाही. या विधीला आपल्याकडे ‘बॅटरी रिचार्ज करून नवी करणं’, ‘मेमरी काढणं’ अशी नावं आहेत, ती निकेल-कॅडमियमच्या काळातली शिळी पुण्याई. लिथियमला असा विधी वारंवार केला तर ती उलट झिजते. सुधारली ती फक्त चिपची समजूत, आणि तीही सगळ्या चिपांची सुधारत नाही. पण गंमत पुढे आहे. मी हे निवृत्त बँक अधिकाऱ्यांना अभिमानाने दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून आकडे पाहिले आणि म्हणाले, “बघा, आधी ९४ टक्के होती, आता ६५ वर आणून ठेवली तुमच्या लिनक्सने.” आयुष्यभर ताळेबंद पाहिलेला माणूस! फुगवलेलं येणं एके दिवशी बुडीत खात्यात टाकलं तर बँक त्या दिवशी गरीब झाली, असं ते नोकरीत कधी म्हणाले असतील का?

लिनक्सला बॅटरी कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा कर्नलमधली बॅटरीची सोर्स फाइल उघडून पाहावी. ती कोणालाही वाचता येते, हाच तर मुद्दा. तिच्यात बॅटरीला ओळखण्यापेक्षा बॅटरीच्या लहरी सांभाळण्याचंच काम जास्त आहे. २०१० आणि २०११ च्या काही लेनोवो थिंकपॅडांची नोंद तिथे आहे, एक्स२०१, टी४१०, एक्स२२० वगैरे. ही मशीनं चार्जर लावला की एका एककात उत्तर द्यायची आणि काढला की दुसऱ्या, कधी मिलिवॉट-तास, कधी मिलिअँपिअर-तास. गिऱ्हाईक समोर असताना किलोत तोलायचं आणि पाठ फिरली की शेरात. बरं, दुसऱ्या एककातले आकडेही धड नव्हते. दहा हजाराने गुणून डिझाइन व्होल्टेजने भागल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नसे. कोणीतरी बसून अनेक मॉडेलं तपासली, कोणती बिघडलेली आणि कोणती नीट ते लिहून ठेवलं, २०११ च्या मॉडेलांसाठी कंपनीने २०१२ च्या मध्यावर बायोस दुरुस्त केल्याचंही लिहिलं आणि न दुरुस्त झालेल्यांसाठी कर्नलमध्ये हिशेब घातला. त्याच फाइलीत आणखी एक जमात आहे. बॅटरी झिजलेली असते, पण पूर्ण भरली की ती ‘उरलेलं’ म्हणून नव्या बॅटरीचा, डिझाइनचा आकडा ठोकून देते. शंभरापेक्षा जास्त टक्के भरलेली बॅटरी! कर्नल तो आकडा कापून जागेवर आणतं. आणखी काही बॅटऱ्या खर्चाचा वेग उणे चिन्हात सांगतात, त्यांचं चिन्ह पुसावं लागतं.

याला अज्ञान म्हणायचं की खानदानी सासूच्या हाताखालचा संसार?

आणि हा संसार परक्या नावाने चालतो. बायोसमधला मजकूर सुरू होताना विचारतो, ‘तू कोणतं विंडोज?’ लिनक्स त्याला हो म्हणतं, मी विंडोज. ‘तू लिनक्स का?’ असं विचारलं तर २००७ मधल्या २.६.२३ या आवृत्तीपासून ते नाही म्हणतं. कारण लिनक्सच्या नावाने लिहिलेल्या वाटा कोणी तपासलेल्याच नसतात. कंपन्या मशीन विंडोजवर चालवून पाहतात आणि खोक्यात भरतात. विंडोजवर एखादी चूक झाकली गेली तर ती चूक ठरतच नाही. जो माणूस खोटं नाव सांगून दारात उभा राहिल्याशिवाय घरात घेतला जात नाही, त्याच्यावर नंतर घरातल्या सामानाची जबाबदारी टाकायची, ही कुठली रीत? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

इथवर वाचून लिनक्सवाले खूश झाले असतील. त्यांच्याशीही माझं भांडण आहे.

त्यांचा पहिला अपराध म्हणजे ‘हार्डवेअरचा दोष’ असं म्हणून हात झटकणं. हार्डवेअरचा दोष असेल, पण रात्री अकराला पोरीचा प्रोजेक्ट उडाला त्या आईला त्याचं काय? यूपॉवरची एक सेटिंगची फाइल आहे. टक्का दोनवर आला की मशीन झोपवावं किंवा बंद करावं, असं तिच्यात मुळात ठरवलेलं असतं. ज्याची बॅटरी आठवर प्राण सोडते त्याच्यापर्यंत हे दोन कधी पोचणारच नाहीत. आकडा बदलून बारा करता येतो. पण वरचे दोन इशाऱ्याचे आकडे त्याहून मोठे, उतरत्या क्रमाने ठेवावे लागतात, नाहीतर यूपॉवर तुमचं सगळं बाजूला सारून आपले मूळ आकडे धरतं, आणि ते धरल्याचं कोपऱ्यात येऊन सांगत नाही. ही फाइल प्रशासकाचा पासवर्ड देऊन, एडिटरमध्ये उघडून बदलायची. पडद्यावर बटण नाही. हा दोष चिपचा नाही, बायोसचा नाही, आपल्या घरचा आहे.

चार्जिंगच्या मर्यादेचंही तेच. बॅटरी टिकावी म्हणून ऐंशीवर थांबवणं शहाणपणाचं, ‘टीएलपी’सारखी साधनं ते कित्येक वर्षं करत आली. पण ऐंशीवर अडकलेला आकडा आणि ‘नॉट चार्जिंग’ एवढेच दोन शब्द पाहून किती जणांनी चांगला चार्जर बदलला असेल! आधीच्या मालकाने लावलेली मर्यादा तर काही मशीनांत फर्मवेअरमध्येच बसून राहते, डिस्क पुसली तरी. ‘नोम’ या लिनक्सच्या डेस्कटॉपने २०२५ च्या मार्चमध्ये ४८ व्या आवृत्तीत याचं बटण सेटिंगमध्ये आणलं तेव्हा मला आनंद झाला आणि रागही आला. एवढ्या उशिरा?

सर्फेससारख्या काही लॅपटॉपांची बॅटरी नेहमीच्या एसीपीआयच्या वाटेने बोलतच नाही, तिला वेगळा दुभाष्या लागतो. तो कर्नलमध्ये २०२१ मध्ये आला. त्याआधी ज्याने मूळ कर्नलवर सर्फेस चालवून ‘लिनक्सला माझी बॅटरी कळत नाही’ असं म्हटलं, तो अक्षरशः खरं बोलत होता. त्याची मी माफी मागते.

आणि दुसरा अपराध मंत्र देण्याचा. बॅटरीचं दुखणं सांगितलं की कोणीतरी एक ओळ देतो, कर्नल सुरू होताना अमुक लिही, बायोसला तमुक विंडोज असल्याचं सांग. का, ते विचारायचं नाही. ती ओळ कोणा दुसऱ्याच्या, दुसऱ्या कंपनीच्या, दहा वर्षांपूर्वीच्या मशीनला लागू पडली असेल. तुमच्या मशीनवर ती बॅटरीचं काही करत नाही, मात्र पंखा किंवा झोपेतून उठणं बिघडवते, आणि तोवर ओळ टाकल्याचं तुम्ही विसरलेले असता. पाच फाइली वाचून दोन दिवस आकडे लिहून काढण्यापेक्षा हे सोपं वाटतं खरं. अंगारा लावणंही औषध घेण्यापेक्षा सोपंच असतं.

भाच्याचा एक मुद्दा राहिला. “आत्या, टक्क्याचं सोड. किती वेळ उरला ते तरी नीट सांगावं. आत्ता पाच तास म्हणतं, दोन मिनिटांनी सव्वा तास.” त्याला विचारलं, मधल्या दोन मिनिटांत तू काय केलंस? व्हिडिओ कॉल लावला. बरं. बॅटरीत तीस वॉट-तास आहेत. नुसतं वाचत बसलास तेव्हा मशीन सहा वॉट खात होतं, तीस भागिले सहा, पाच तास. कॉल लागल्यावर बावीस ते चोवीस वॉट, मग सव्वा तासाच्या आसपास. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, तू बदललास. मोटारीने घाट चढताना आणि उतरताना पेट्रोल सारखंच लागावं अशी अपेक्षा कोणी धरत नाही. आणि ज्यांच्या हातात सगळंच आहे त्यांचं पाहा. ॲपल लॅपटॉप स्वतः रचतं, सिस्टिम स्वतः लिहितं. लोकांनी ‘उरलेला वेळ’ चुकतो अशी ओरड केली तेव्हा डिसेंबर २०१६ मध्ये मॅकओएसच्या १०.१२.२ आवृत्तीत त्यांनी वरच्या पट्टीतून तो वेळच काढून टाकला, टक्का ठेवला. आयफोन ११ च्या बॅटरीच्या तब्येतीचा आकडा चुकतो म्हणून २०२१ मध्ये आयओएस १४.५ बरोबर त्याचं नव्याने मोजमाप करावं लागलं. तेव्हा कोणी म्हणालं नाही की ॲपलला बॅटरी कळत नाही. महागाची गाय, दात मोजायची कोणाची छाती?

शेवटी माझी बॅटरी बदलायचीच होती. ३१ वॉट-तासांत प्रवासाचं काम होत नव्हतं. गेले त्याच दुकानात, कारण माझ्या मॉडेलची बॅटरी त्याच्याकडेच होती. त्याने सीलबंद खोका काढला. “कंपनीची आहे ताई, एकदम नवी.” मी बसवली, लॅपटॉप सुरू केला आणि त्याच फोल्डरात जाऊन ‘सायकल काउंट’ उघडलं. २१४. दोनशे चौदा वेळा रिकामी होऊन भरलेली नवी बॅटरी.

त्याने पडद्याकडे पाहिलं आणि हसला. “तेच सांगत होतो ना तुम्हाला. लिनक्सला बॅटरी कळत नाही.”

त्याच्या काउंटरवर माझ्याच मॉडेलचा एक सेकंडहँड लॅपटॉप विकायला ठेवलेला होता, विंडोजवाला. मी म्हटलं, यात बसवून बघू या का? नको म्हणायला त्याला काही कारण सापडलं नाही. बॅटरी त्यात बसवली, चार्जर लावला, मी ‘बॅटरीरिपोर्ट’ची आज्ञा सांगितली, त्याच्या पोऱ्याने ती टाइप केली. अहवाल उघडला. डिझाइन क्षमता, पूर्ण चार्जची क्षमता, आणि खाली सायकल काउंट. २१४.

पोऱ्या मालकाकडे बघायला लागला. मालकाने काही न बोलता फळीवरून दुसरा खोका काढला.